अपडेट थांबलेला फोन अजून किती वापरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईकडे २०२० साली घेतलेला सॅमसंगचा गॅलेक्सी एम३१ आहे. अँड्रॉइड १२ नंतर त्याला नवं व्हर्जन आलं नाही, आता सुरक्षेचे अपडेटही थांबलेत. स्क्रीन शाबूत आहे, पण चार्जिंग संध्याकाळपर्यंत टिकत नाही आणि फोन मधेच हँग होतो. आई त्यावर कॉल, व्हॉट्सॲप, यूट्यूबवरची कीर्तनं आणि यूपीआय वापरतात. पेन्शनच्या खात्यालाही हाच नंबर जोडलेला आहे. दुकानदार म्हणतो, कंपनीच अपडेट पाठवून जुने फोन स्लो करते, हा आता टाकून द्या. हे खरं का, फोन अजून किती चालेल, आणि नवा घ्यायचाच तर काय बघून घ्यायचा?

आधी सरळ उत्तर देतो. फोन टाकू नका, त्यातलं सिम हलवा. बॅटरी बदलली आणि स्टोरेज मोकळं केलं तर हा फोन कीर्तनं, व्हिडिओ कॉल आणि व्हॉट्सॲपसाठी अजून एक-दोन वर्षं सहज काम देईल. पण ज्या सिमवर बँकेचे ओटीपी येतात ते सिम आणि यूपीआय मात्र अपडेट चालू असलेल्या फोनमध्ये गेलं पाहिजे, आणि ते लवकर. मी कीपॅडच्या सेटपासून दुरुस्तीच्या कामात आहे. माझ्या टेबलावर दोन्ही प्रकारची माणसं येतात : अपडेट थांबलं म्हणून धडधाकट फोन मोडीत काढणारी, आणि कॉल लागतोय ना, मग काय झालं, असं म्हणत आयुष्याची बचत त्याच फोनच्या भरवशावर ठेवणारी. दोघांचंही नुकसान होतं, आणि दुसऱ्याचं फार मोठं होतं.

आता कारणं सांगतो, म्हणजे पुढच्या फोनच्या वेळीही उपयोगी पडतील.

फोनला अपडेट एका ठिकाणाहून येत नाहीत, आणि सगळे एकाच दिवशी थांबतही नाहीत. अँड्रॉइडचं नवं व्हर्जन ही एक गोष्ट. त्यात रूप बदलतं, नव्या सोयी येतात, परवानग्यांचे नियम कडक होतात. सुरक्षा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या खोटींची दुरुस्ती, ही दुसरी गोष्ट. जुलै २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची खोट उघड झाली. अँड्रॉइडचा जो भाग व्हिडिओ उलगडतो त्यात ती होती, आणि नुसता एक एमएमएस येऊन फोनचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ शकत होता. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दर महिन्याला सापडलेल्या खोटींची यादी आणि त्यांच्या दुरुस्त्या काढायला सुरुवात केली. फोन बनवणारी कंपनी त्या आपल्या मॉडेलमध्ये घालून पाठवते. तिसरी गोष्ट म्हणजे गूगल प्ले सिस्टिम अपडेट. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून सिस्टिमचे काही भाग गूगल थेट बदलू शकतं, मधे कंपनी लागत नाही. आणि शेवटी ॲप, प्ले सर्व्हिसेस, क्रोम, वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपानं दाखवणारा भाग) हे सगळं प्ले स्टोअरमधून येतं.

तुमच्या आईंच्या फोनला यातली पहिली दोन थांबली आहेत. ॲप आणि प्ले सर्व्हिसेसचे अपडेट येतच राहणार, प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप शोधणारी गूगलची तपासणी, तीही चालू राहणार. म्हणून फोन बंद पडल्यासारखा वाटत नाही, आणि तो तसा पडलेलाही नाही.

आज एक काम करा. सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली ‘अबाउट फोन’, त्यात ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’, आणि तिथे ‘अँड्रॉइड सिक्युरिटी पॅच लेव्हल’ शोधा. समोर एक तारीख दिसेल, बहुधा महिन्याची १ किंवा ५. १ असेल तर अँड्रॉइडच्या मुख्य भागातल्या दुरुस्त्या त्या महिन्यापर्यंतच्या आहेत. ५ असेल तर चिप आणि कर्नल (सिस्टिमचा सगळ्यात आतला गाभा) यांच्याही. माझ्या मते फोनची सगळ्यात महत्त्वाची माहिती ही तारीख आहे, आणि ती बघणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. मेगापिक्सेल सगळ्यांना पाठ असतात.

मग कंपन्या अपडेट का थांबवतात? लोकांना वाटतं, नवा फोन खपावा म्हणून. धंद्याचा हिशेब त्यात असतोच, पण खालचं कारण बहुतेक वेळा चिपमध्ये असतं. फोनमधला प्रोसेसर, मॉडेम, कॅमेरा, ब्लूटूथ यांना चालवणारं सॉफ्टवेअर चिप बनवणारी कंपनी देते. तिने पुढच्या अँड्रॉइडसाठी ते द्यायचं थांबवलं की फोनवाल्याचे हात बांधले जातात. २०११ चा गॅलेक्सी नेक्सस तर खुद्द गूगलच्या नावाचा फोन होता. त्यातली चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची होती आणि ती कंपनी मोबाईल चिपच्या धंद्यातून बाहेर पडली. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.४ आलं तेव्हा या फोनला ते मिळालं नाही. जेमतेम दोन वर्षांचा फोन.

याच्या उलटं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. नेदरलँड्समधली फेअरफोन ही लहानशी कंपनी. तिचा फेअरफोन २ डिसेंबर २०१५ मध्ये लोकांच्या हातात पडला, अँड्रॉइड ५ वर. त्यातल्या स्नॅपड्रॅगन ८०१ चिपला क्वालकॉमने अँड्रॉइड ६ च्या पुढे साथ दिली नाही. त्याच चिपवरचे मोठमोठ्या कंपन्यांचे फोन तिथेच थांबले. फेअरफोनच्या लोकांनी मात्र क्वालकॉमच्या मदतीशिवाय अँड्रॉइड ७ बसवलं, नंतर ९, मग १०, आणि मार्च २०२३ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून जास्त काळ, तो फोन सांभाळला. एवढीशी कंपनी हे करू शकते, तर इतरांना जमणारच नव्हतं असं म्हणता येत नाही. पण त्यासाठी किती खटपट लागते तेही यातून कळतं.

परिस्थिती नंतर सुधारली. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत ट्रेबल नावाची रचना आली. तिने अँड्रॉइडचा वरचा भाग आणि चिपवाल्याचा खालचा भाग वेगळे केले, त्यामुळे वरचा भाग बदलताना खालचा प्रत्येक वेळी नव्याने बांधावा लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वालकॉमने स्नॅपड्रॅगन ८ एलीटपासून आठ वर्षांपर्यंत अपडेटची सोय देण्याचं जाहीर केलं. ॲपल आपली चिप आपणच आखते, म्हणून तिला ही अडचण फारशी येत नाही. सप्टेंबर २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेची दुरुस्ती मिळाली.

तुमच्या एम३१ मध्ये चिपही सॅमसंगचीच एक्झिनॉस आहे, म्हणजे तिथे प्रश्न चिपचा नसून धोरणाचा. २०२१ च्या सुरुवातीला सॅमसंगने २०१९ पासूनच्या गॅलेक्सी फोनना किमान चार वर्षं सुरक्षा अपडेट देऊ असं सांगितलं होतं. एम३१ बाजारात आला मार्च २०२० मध्ये. चार वर्षं मोजली की २०२४ ची सुरुवात येते. त्यात भर म्हणून मार्च २०२५ नंतर गूगलनेच अँड्रॉइड १२ साठी दुरुस्त्या देणं बंद केलं. आता या फोनला नियमित पॅच येतील ही आशा सोडून द्या.

दुकानदाराचं म्हणणं निम्मं खरं आहे. ते कुठून आलं ते सांगतो. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलने आयओएस (आयफोनची सिस्टिम) १०.२.१ हे अपडेट दिलं. आयफोन ६, ६एस वगैरे फोन बॅटरी बरीच शिल्लक दिसत असतानाही अचानक बंद पडत होते. जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज घसरतो आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. ॲपलने उपाय म्हणून बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा जोर कमी केला, पण ही गोष्ट लोकांना नीट सांगितली नाही. वर्षाअखेरीस लोकांनी वेग मोजून ते उघड केलं, तेव्हा कंपनीला माफी मागावी लागली. बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आणि मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान दिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने याच प्रकरणात ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला, तोही ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल. त्याआधी २०१८ मध्ये इटलीने ॲपल आणि सॅमसंग दोघांनाही दंड केला होता. सॅमसंगचा मामला गॅलेक्सी नोट ४ वर जड व्हर्जन टाकायला लावण्याचा होता.

या प्रकरणातली एक बारीक गोष्ट लोक विसरले : ज्यांनी बॅटरी बदलली त्यांच्या फोनचा वेग परत आला. म्हणजे फोन मेला नव्हता, बॅटरी मेली होती. म्हणूनच तुमच्या आईंच्या फोनबद्दल पहिलं बोट मी बॅटरीवर ठेवतो. रोज चार्ज होणारा फोन वर्षाला पूर्ण चार्जची साधारण तीनशे चक्रं पुरी करतो. ॲपल आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्यांसाठी ५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता सांगत असे, १५ पासून १००० चक्रं सांगते. एम३१ ची बॅटरी ६००० एमएएचची, म्हणून तिने इतकी वर्षं तग धरला. पण थकलेली बॅटरी तापते, आणि तापलेला फोन स्वतःचा वेग स्वतः कमी करतो. हँग होण्याचं निम्मं कारण तिथे असू शकतं.

बॅटरी बदलताना कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आधी विचारा. पार्ट मिळत असेल तर तिथेच करा, साधारण हजार-दोन हजारांच्या घरात काम होतं. बाहेर बसवायची झाली तर स्वस्तातली बॅटरी घेऊ नका. वर ६००० छापलेलं असतं, आत तेवढं काही नसतं, आणि संरक्षणाचं सर्किट कसलं आहे ते बसवणाऱ्यालाही माहीत नसतं. फोनची मागची बाजू वर आली असेल, डिस्प्ले एका कडेने उचलला असेल, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायला जाऊ नका, उशीखाली तर मुळीच ठेवू नका.

दुसरं बोट स्टोरेजवर. असे फोन उघडले की मला एकच दृश्य दिसतं : सकाळच्या शुभेच्छांची चित्रं, ग्रुपवरचे व्हिडिओ, एकच कीर्तन पाच ठिकाणांहून आलेलं, आणि शिल्लक जागा दोन-तीन जीबी. फोनची मेमरी नवीन काही लिहिण्याआधी जुने भाग पुसून मोकळे करते. मोकळी जागाच नसेल तर प्रत्येक लिहिण्याला ती अडखळते आणि अख्खा फोन थांबल्यासारखा वाटतो. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी प्रकारची मेमरी असते, तिथे हा त्रास फार जाणवतो. एम३१ मध्ये यूएफएस आहे, ती बरी. पंचमांश जागा तरी मोकळी राहू द्या. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ मध्ये जाऊन मोठ्या फाइली आधी काढा आणि मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. एवढ्यानेच पुष्कळ फोन सुधारतात. नाही सुधारला तर फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घेऊन एकदा पूर्ण रीसेट मारा.

‘सॉफ्टवेअर मारून देतो’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. सॉफ्टवेअर मारल्याने नवे सुरक्षा पॅच येत नाहीत. कंपनीने काढलेच नाहीत ते दुकानातल्या कॉम्प्युटरमधून कुठून येणार? उलट कुठून उतरवलेली फाइल आहे ते कळत नाही, आणि काम बिघडलं तर चालता फोन डेड होतो.

आता धोक्याबद्दल नीट बोलतो, कारण इथे दोन्ही टोकांची बडबड चालते. पॅच थांबला म्हणजे दुसऱ्या दिवशी खातं रिकामं होतं, असं नाही. आपल्याकडे वयस्कर माणसांचे पैसे जातात ते मुख्यतः फसवणुकीने. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान’ अशा नावाची एपीके फाइल येते. माणूस ती उघडतो, ॲप बसतं, ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि मग ओटीपी परस्पर निघून जातात. यात फोनची खोट वापरलेलीच नसते. अगदी नव्या फोनवरही हे होऊ शकतं.

पण जुन्या फोनवर ते जास्त सोपं होतं, हेही खरं. अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरच्या बाहेरून घेतलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची (म्हणजे स्क्रीन वाचायची आणि चालवायची) आणि नोटिफिकेशन वाचायची परवानगी सहज देता येत नाही, सिस्टिम आडवी येते. अँड्रॉइड १२ मध्ये ही आडकाठी नाही. शिवाय ज्यांत माणसाने काहीच चूक करावी लागत नाही अशा खोटीही असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे अनेक ॲप वापरतात अशा तयार सॉफ्टवेअरच्या तुकड्यात, अशी खोट सापडली, आणि ती सापडण्याआधीच तिचा गैरवापर सुरू झाला होता. क्रोमची दुरुस्ती प्ले स्टोअरमधून सगळ्यांना मिळाली. पण अँड्रॉइडच्या पोटात त्याच लायब्ररीची वेगळी प्रत असते, तिची दुरुस्ती ऑक्टोबर २०२३ च्या पॅचमध्ये आली. ज्या फोनचा पॅच त्याआधीचा आहे त्याची ॲप अद्ययावत असूनही आतली ती प्रत तशीच आहे. अशा खोटी दर महिन्याला साठत जातात. पॅच थांबून दोन महिने झालेला फोन आणि दोन वर्षं झालेला फोन यांत म्हणून फरक आहे.

माझा नियम असा : पॅचची तारीख सहा महिन्यांच्या आत असेल तर निर्धास्त वापरा. सहा महिने ते वर्ष झालं असेल तर बदलाची तयारी सुरू करा. वर्ष उलटलं की पैशाचं काहीही त्या फोनवर नको. हा माझा ठोकताळा आहे, पण मी एकटाच असा विचार करत नाही. ॲप ज्या गोष्टीवरून फोन विश्वासाचा आहे की नाही ते तपासतात, त्या गूगलच्या प्ले इंटेग्रिटीने मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनना सगळ्यात वरचा शेरा देण्यासाठी गेल्या १२ महिन्यांतला सुरक्षा पॅच असण्याची अट घातली. कोणत्या बँकेने ती अट लावायची हे ती बँक ठरवेल, पण वारा कुठल्या दिशेचा आहे ते दिसतं.

आणि इथे सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट. फोनमधून बँकेचं आणि यूपीआयचं ॲप काढून टाकलं, पण सिम तिथेच राहिलं, तर फार काही साधत नाही. ओटीपी त्या सिमवर येतो, म्हणजे त्याच जुन्या फोनवर येतो. एसएमएस वाचणारं ॲप त्यात शिरलं तर चोराला तुमचं ॲप लागतच नाही. मुलं मोठ्या काळजीने आईच्या फोनमधून ॲप काढतात आणि निश्चिंत होतात. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो : खात्याला जोडलेलं सिम ज्या फोनमध्ये, त्या फोनला अपडेट हवेत.

ते व्यवहारात कसं करायचं? एक साधा, अपडेट चालू असलेला फोन घ्या, आईंचं सिम त्यात टाका, यूपीआय तिथे नव्याने चालू करा. यूपीआयला नोंदणीच्या वेळी त्या फोनमधूनच एसएमएस जावा लागतो, त्यामुळे सिम तिथे असणं भागच आहे. जुना फोन वायफायवर राहू द्या. एप्रिल २०२३ पासून एकच व्हॉट्सॲप खातं दुसऱ्या फोनलाही जोडता येतं, त्यासाठी त्या फोनमध्ये सिम लागत नाही. आईंना मोठ्या स्क्रीनवर, सवयीच्या फोनवर नातवंडांशी बोलता येईल, कीर्तनं लावता येतील, आणि बँकेचा त्या फोनशी संबंधच उरणार नाही. जुन्या माणसांना नवा फोन म्हणजे जागा बदललेल्या चिन्हांचा मोठा त्रास असतो. हळूहळू सवय व्हावी यासाठीही दोन फोन काही महिने सोबत असलेले बरे.

लगेच दुसरा फोन घेणं शक्य नसेल तर मधला मार्ग आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल आलं. त्यात तुमच्या खात्यातून आईंना खर्च करू देता येतो, एका व्यवहाराला ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत. किराणा, औषधं, भाजी यांना ते पुरतं. आईंचं स्वतःचं खातं यूपीआयला जोडलेलंच नसलं तरी चालतं. पेन्शनच्या खात्याचा ओटीपी मात्र तरीही त्या सिमवर येणारच, हे विसरू नका. तेवढं एक सिम घरातल्या दुसऱ्या चांगल्या फोनमध्ये ठेवता आलं तर ठेवा. तोवर सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ या पानावर व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्स या तिघांची परवानगी बंद करून ठेवा, प्ले प्रोटेक्ट चालू आहे ना ते बघा, आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आईंच्या फोनमध्ये नावाने सेव्ह करा. पैसे गेल्याचं कळताच तिथे फोन करायचा, घरच्यांच्या भीतीने तास-दोन तास घालवायचे नाहीत, हे त्यांना प्रेमाने सांगून ठेवा. दडवण्यात गेलेल्या वेळेतच रक्कम हाताबाहेर जाते.

ॲप कधी बंद पडतील, याचं उत्तर तुलनेने सोपं आहे. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ किंवा वरचं मागितलं, आयफोनवर मे २०२५ पासून आयओएस १५.१. क्रोमने २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ ला सोडलं, आता १० लागतं. तुमचा फोन १२ वर आहे, म्हणजे या बाजूने बरीच मुदत आहे. बँकांची ॲप आधी सोडतील, यूट्यूब-व्हॉट्सॲप सगळ्यात शेवटी. आई नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला फोनवरून देत असतील तर ते ॲप उघडतं आहे ना, हे ऑक्टोबरातच बघून घ्या.

घरातल्या तरुण मुलाने लिनिएजओएस, म्हणजे हौशी मंडळींनी जुन्या फोनसाठी बांधलेलं अँड्रॉइड, टाकायची कल्पना काढली असेल. मला ते काम आवडतं, त्या मंडळींनी कित्येक फोन वर्षानुवर्षं जिवंत ठेवले आहेत, आणि बिनसिमच्या फोनसाठी जरूर करून बघावं. पण चिपवाल्याच्या भागातल्या खोटी त्यानेही बुजत नाहीत, आणि त्यासाठी बूटलोडर (कंपनीचंच सॉफ्टवेअर चालू देणारं कुलूप) उघडलेल्या फोनवर पैशाची ॲप अनेकदा चालायचं नाकारतात. पेन्शनच्या फोनवर हा प्रयोग नको.

अपडेट आलंच तर घ्यावं का, हेही लोक विचारतात, कारण अपडेटनंतर फोन बिघडल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. त्यातल्या काही खऱ्या आहेत. जानेवारी २०२१ मध्ये शाओमीच्या एमआय ए३ ला आलेल्या अँड्रॉइड ११ ने फोन डेड होऊ लागले, कंपनीला ते थांबवावं लागलं. म्हणून सुरक्षा पॅच आला की लगेच घ्या, आणि मोठं व्हर्जन आलं तर दोन-तीन आठवडे थांबून, बॅकअप घेऊन, बॅटरी निम्म्याच्या वर असताना घ्या. मोठ्या व्हर्जननंतर दोन दिवस फोन तापतो, चार्जिंग भराभर उतरतं. आत सगळी ॲप नव्याने बसवली जात असतात. त्या दोन दिवसांवरून निकाल देऊ नका. अपडेटची सूचना मात्र वाचा. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल ४ए ला पाठवलेल्या अपडेटने काही फोनमध्ये बॅटरीची क्षमताच कमी केली होती, आणि बदल्यात मोफत बॅटरी किंवा पैसे देऊ केले होते. ज्यांनी सूचना वाचली नाही त्यांना ती भरपाई मागायची असते हेच कळलं नाही.

नवा घेताना अपडेटची वर्षं मोजा, आणि ती मॉडेल बाजारात आल्या तारखेपासून मोजा, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नव्हे. दिवाळीच्या सेलमध्ये जो फोन एकदम स्वस्त मिळतो तो बहुधा दोन वर्षांपूर्वीचा असतो, म्हणजे त्याची दोन वर्षं दुकानाच्या कपाटातच खर्ची पडलेली असतात. पिक्सेल ८ ला ऑक्टोबर २०२३ पासून सात वर्षं, गॅलेक्सी एस२४ ला जानेवारी २०२४ पासून सात वर्षं. एवढे महाग फोन आईंना नकोत, पण गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या मधल्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचं आश्वासन मिळालं, तेव्हापासून स्वस्त फोनला अपडेट नसतातच हे कारण उरलं नाही. हिशेब करून बघा. दहा हजारांचा फोन, ज्याचे पॅच दोनच वर्षं उरलेत, तो वर्षाला पाच हजारांना पडला. अठरा हजारांचा, सहा वर्षं पॅच मिळणारा फोन वर्षाला तीन हजारांना. मात्र सहा वर्षं चालवायचा तर रॅम सहा जीबी आणि स्टोरेज १२८ च्या खाली घेऊ नका, नाहीतर अपडेट येतील आणि फोन त्यांखाली दबेल.

सेकंड हँड घेतानाही तेच. आयफोन एक्सआर अजून दिसायला छान आहे, पण तो २०१८ चा, आणि २०२५ च्या आयओएस २६ ने त्याला वगळलं. विकणाऱ्याला अपडेटबद्दल विचारू नका, अँड्रॉइड असेल तर सेटिंग उघडून पॅचची तारीख स्वतः बघा.

ही तारीख ग्राहकाला शोधावी लागते याचंच मला वाईट वाटतं. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळणार ते कंपनीला जाहीर करावं लागतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासूनच्या नियमांप्रमाणे मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग द्यावे लागतात, आणि बॅटरी ८०० चक्रांनंतरही ८० टक्के राहिली पाहिजे. ‘शेवटचा नग’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत, त्यामुळे कपाटात पडून वर्षं वाया जाण्याचा प्रश्नच मिटतो. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, ते चांगलं पाऊल होतं. पण माझ्या हातातून जाणाऱ्या फोनच्या डब्यांवर ‘अपडेट अमुक महिन्यापर्यंत’ अशी ओळ मला दिसत नाही. औषधाच्या पाकिटावर ती असते. फोनच्या डब्यावरही असायला हवी, आणि ग्राहकांनी ती दुकानात मागायला हवी.

शेवटी जुन्या फोनचं. पुढे कधी तो कोणाला द्यायचा झाला तर आधी यूपीआय ॲपमधून खातं काढा, व्हॉट्सॲपची जोडणी तोडा, मग सेटिंग्जमधून गूगल आणि सॅमसंग ही दोन्ही खाती काढा, आणि त्यानंतरच रीसेट मारा. खातं तसंच ठेवून बटणं दाबून रीसेट केला तर फोन चालू होताना आईंचाच जीमेल पासवर्ड मागतो, आणि घेणारा तो घेऊन माझ्यासारख्याच्या दुकानात येतो. तिथे मी फक्त तुमचा नंबर मागू शकतो.